बाईला सजा, बाप्याला हौतात्म्य

२५ जानेवारी २०२० च्या रात्री पाकिस्तानातल्या चित्रपटगृहांत गर्दी झाली ती एका दूरचित्रवाणी मालिकेचा शेवटचा भाग पाहायला. घरी फुकट दिसणारी गोष्ट लोकांनी तिकीट काढून पाहिली. मालिकेचे नाव ‘मेरे पास तुम हो’. ऑगस्ट २०१९ पासून दर आठवड्याला तिने उर्दू समजणाऱ्या घरांना खिळवून ठेवले होते, आणि आता सगळ्यांना एकच उत्तर हवे होते : पैशासाठी नवऱ्याला सोडून गेलेल्या मेहविशला दानिश माफ करणार की नाही? लेखक खलील-उर-रहमान क़मर यांनी भलताच तोडगा काढला. दानिशला हृदयविकाराचा झटका आला आणि तो मेला. प्रेक्षक ढसाढसा रडले. ते नेमके कोणासाठी रडले, हे मला त्यांना विचारायचे आहे.

गोष्ट साधी आहे. दानिश प्रामाणिक सरकारी नोकर, पगार बेताचा. मेहविशला दागिने हवेत, मोठे घर हवे, गाडी हवी. शहवार नावाचा धनाढ्य माणूस तिच्या आयुष्यात येतो आणि ती नवरा व लहानगा रूमी यांना टाकून निघून जाते. तिने चूक केली का? केली. पोराला टाकून गेलेल्या बाईची वकिली मी करणार नाही. पण या गुन्ह्यात आरोपी दोन होते, हे मालिकेला आठवते का? शहवार स्वतः विवाहित. त्याची बायको परदेशातून परतते आणि पहिली थप्पड मारते ती मेहविशला. त्या थपडेवर देशभर टाळ्या पडल्या. शहवार तुरुंगात जातो तो पैशांच्या भानगडीपायी. बायकोशी केलेली बेइमानी त्याच्या खात्यावर कोणी मांडत नाही. इकडे टाकलेला नवरा घर विकून शेअर बाजारात पैसे घालतो आणि बघता बघता गबर होतो. देवसुद्धा पावतो तो बाप्यालाच! आणि आपल्या बायकोची किंमत दोन टके आहे, असे तो सुनावतो तेव्हा ते वाक्य घराघरांत पाठ होते.

मग दानिशचा मृत्यू कशासाठी? नीट बघा. मेलेला माणूस माफ करू शकत नाही. दानिशला मारून लेखकाने मेहविशला जन्मठेप दिली आहे. तिने कितीही नाक घासले तरी आता तिची सुटका करणारा उरलेला नाही. नवरा मेला तोही बायकोला शिक्षा म्हणून, आणि त्याच्या वाट्याला हौतात्म्य आले.

हा शेवटचा भाग दाखवू नये म्हणून लाहोरच्या न्यायालयात एका महिलेने अर्ज केला होता. बंदीने काही साधते असे मला वाटत नाही. लेखकाच्या मनात काय आहे ते झाकून राहण्यापेक्षा उघड्यावर आलेले बरे, आणि ते लवकरच आलेही. मार्चमध्ये ‘औरत मार्च’ या महिलांच्या मोर्चावरच्या एका चर्चेत, थेट प्रक्षेपण चालू असताना, याच लेखकाने पत्रकार मारवी सिरमद यांना शिवीगाळ केली. मालिकेत पात्रांच्या तोंडून बोलणारा माणूस त्या दिवशी स्वतःच्या तोंडाने बोलला, एवढाच फरक.

आता दुसरा शेवट घ्या. ‘हमसफ़र’ २०१२ च्या मार्चमध्ये संपली. पुढे २०१४ साली ‘ज़िंदगी’ वाहिनीवरून ती आपल्याकडेही आली, आणि तिचे नायक-नायिका फवाद खान व माहिरा खान मराठी घरांतले झाले. आईच्या कारस्थानाला बळी पडून नायक अशर आपल्या गरोदर बायकोवर, खिरदवर, बदफैलीचा आळ घेतो. रात्री तिला घराबाहेर काढले जाते. तिने लिहिलेले पत्र हा सुशिक्षित गृहस्थ वर्षानुवर्षे वाचत नाही. ती एकटीने मुलगी वाढवते आणि पोरीच्या हृदयावर शस्त्रक्रिया करायची वेळ येते तेव्हा त्याच्याच दारात उभी राहते. अशरची शिक्षा काय? थोडा पश्चात्ताप, दोन अश्रू, आणि शेवटच्या भागात संसार परत. त्याच्या वाटची शिक्षाही बायकांनीच भोगली : आई वेडी झाली, त्याच्यावर जीव टाकणाऱ्या साराने आत्महत्या केली. पुरुष चुकला तर गैरसमज झाला होता; बाई चुकली तर पाप. ही मालिका एका लेखिकेच्या कादंबरीवर बेतलेली आहे, म्हणून ही तराजू केवळ पुरुषांच्या हातात आहे असे समजून कोणी निश्चिंत होऊ नये.

पाकिस्तानच्या प्रसारण नियामकाने, म्हणजे पेमराने, २०२१ मध्ये वाहिन्यांना फर्मान काढले की मालिकांत आलिंगने दाखवू नका. नवरा-बायकोचीसुद्धा नाही, ते संस्कृतीला धरून नाही. थपडेविषयी त्यात अवाक्षर नव्हते. ज्या संस्कृतीला मिठीची लाज वाटते आणि कानफटीत मारण्याची वाटत नाही, तिच्या रक्षणकर्त्यांना हात जोडावेत तेवढे थोडेच!

माफीचा हा हिशेब पडद्यावरच राहिला असता तर मी लेखणी उचलली नसती. मुलतानजवळ २०१६ च्या जुलैत क़ंदील बलोचचा गळा तिच्या सख्ख्या भावाने आवळला. समाजमाध्यमांवरच्या तिच्या चित्रफितींनी घराण्याची अब्रू जाते, हे त्याचे कारण. त्याच वर्षी ऑक्टोबरात इभ्रतीच्या नावाखालच्या खुनांसाठी कायदा कडक झाला, २०१९ मध्ये भावाला जन्मठेप झाली, आणि आईने माफी दिल्यानंतर फेब्रुवारी २०२२ मध्ये उच्च न्यायालयाने त्याला सोडले. लेक गेली, मुलगा तरी परत येऊ दे, असे त्या आईला वाटले असेल. तिला मी दोष देत नाही. दोष आहे तो माफीची सगळी वजने एकाच पारड्यात टाकणाऱ्या रिवाजाचा. खून करणाऱ्या भावाला घर परत मिळते, आणि मेहविशला मिळत नाही.

इथे काही मराठी वाचक मनातल्या मनात म्हणाले असतील, ‘त्यांच्यात असेच चालायचे.’ त्यांना मी १८८१ साली सुरतेला घेऊन जातो. तिथे विजयालक्ष्मी नावाच्या ब्राह्मण विधवेवर बालहत्येचा खटला चालला, तिला आधी फाशी सुनावली गेली, आणि ‘पुणेवैभव’सारख्या पत्राला सगळ्या बायकांच्या चालीवर चिखल उडवायला निमित्त मिळाले. ज्या पुरुषामुळे ती गरोदर राहिली त्याच्यावर खटला नव्हता. त्यावर बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ मध्ये ‘स्त्रीपुरुषतुलना’ लिहून विचारले की जे दुर्गुण बायकांच्या माथी मारता, ते तुमच्यात नाहीत काय? त्यांच्या बाजूने उभे राहिले जोतीराव फुले. बाकीच्या शहाण्यांनी त्यांना असे काही फटकारले की ताराबाईंचे दुसरे पुस्तक आलेच नाही.

त्याला १४० वर्षे उलटून गेली. पाकिस्तानी मालिकांचे कौतुक करताना आपल्याकडच्या बायका म्हणतात, ‘निदान वेळेत संपतात तरी!’ संपतात खऱ्या. पण कोणाला काय वाटून संपतात, हे आपण तरी कुठे बघतो? आपल्या घरात परित्यक्ता मावशी असते, तिला हळदीकुंकवाचे बोलावणे करताना जीभ अडखळते. काडीमोड झालेली भाची लग्नात मागच्या रांगेत बसते, आणि ‘हिचेच काही चुकले असेल’ हे तिला ऐकू जाईल एवढ्याच आवाजात बोलले जाते. तिच्या नवऱ्याला मात्र पुढच्याच वैशाखात दुसरी मुलगी देणारा बाप आपल्यातूनच निघतो, आणि आपण आहेराचे पाकीट घेऊन त्या लग्नाच्या पंगतीला बसतो.