झाडू उचलण्याआधी

पावसाळा लागला की सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कोळ्यांचे फोटो यायला लागतात. बाथरूमच्या टाइल्सवर, ट्यूबलाइटमागे, शू-रॅकच्या फटीत बसलेला तळहाताएवढा कोळी आणि खाली एकच प्रश्न: विषारी आहे का? मग कुणीतरी गूगल करून ‘ब्राऊन रेक्लूज’चं नाव टाकतं. तो कोळी अमेरिकेतला. पाठोपाठ पेस्ट कंट्रोलवाल्याचा नंबर येतो. आम्ही बोरिवलीकर, त्यामुळे ‘नॅशनल पार्कातून आला असणार’ हेही ठरलेलं.

फोटोतला कोळी बहुतेक वेळा घरातलाच असतो. चपटा, तपकिरी, खेकड्यासारखे पाय बाजूला पसरून भिंतीला चिकटलेला हा हंट्समन कोळी. शास्त्रीय नाव हेटेरोपोडा व्हेनाटोरिया. लिनियसने १७६७ मध्ये त्याचं वर्णन केलं. माणसाच्या मालासोबत, केळ्यांच्या घडांतून तो जगभरच्या उष्ण प्रदेशांत पोचला आहे. डोळ्यांच्या खाली, तोंडावर आडवी फिकट पट्टी दिसली की शंका नको. तो जाळं विणत नाही. दिवसा दाराच्या चौकटीमागे दडतो आणि रात्री दिवे मालवले की झुरळांच्या मागे लागतो. ज्या झुरळांसाठी आपण दर तीन महिन्यांनी औषध मारून घेतो, तीच झुरळं. हाताने दाबला तर चावेल, दुखेलही; पण जिवावर बेतेल असं त्याचं विष नाही.

मादी दिसली तर जरा थांबून बघाच. छातीखाली तिने एक चपटी, पांढरट, वाटोळी अंडपिशवी धरलेली असते. शेजारच्या काकूंना ती विषाची थैली वाटली होती. पिल्लं बाहेर येईपर्यंत ही आई ती पिशवी घेऊन हिंडते आणि त्या काळात शिकार जवळजवळ सोडूनच देते. तिच्यावर चप्पल उगारताना हे ठाऊक असावं, असं मला मनापासून वाटतं.

छताच्या कोपऱ्यातली जळमटं दुसऱ्याच कोळ्याची. त्याचे पाय केसांसारखे लांब, आणि जाळ्याला धक्का लागला की तो स्वतःला इतक्या वेगाने हलवतो की नजरेला धूसर दिसतो. खिडकीच्या गजावर टुणकन उडी मारणारा बुटका कोळी तिसरा. त्याचे पुढचे दोन डोळे मोठे. बोट पुढे नेलंत तर सगळं अंग वळवून तुमच्याकडे बघतो.

‘कोळी मुतला’ म्हणून अंगावर उठणारे फोड ही मात्र निव्वळ बदनामी. पावसाळ्यात दिव्यावर येणारा एक बारीक, नारिंगी-काळा भुंगेरा अंगावर चिरडला की त्याच्या रसाने कातडी भाजल्यासारखी होते. तो भुंगेरा झटकावा, चिरडू नये आणि जागा साबणाने धुवावी. कधी ती नागीणही असते, म्हणून डॉक्टरांना दाखवलेलं बरं.

आता पार्कातून खरंच कुणी आलं तर? यायला हरकत नाही. आपल्याच पट्ट्यात अजून नवे कोळी सापडताहेत. आरे कॉलनीतल्या एका उड्या मारणाऱ्या कोळ्याला वनाधिकारी सुनील लिमये यांचं नाव मिळालं आहे. ठाणे-कल्याण भागात सापडलेल्या दुसऱ्याचं नाव २०२१ मध्ये ‘आयशियस तुकारामी’ ठेवलं गेलं. २६/११ च्या रात्री गिरगाव चौपाटीजवळ गोळ्या झेलून कसाबला धरून ठेवणारे तुकाराम ओंबळे यांच्या स्मरणार्थ. इवलासा जीव, पण हे नाव वाचलं की ऊर भरून येतो.

म्हणून ग्रुपवर फोटो टाकायचाच तर नीट टाका. एक वरून, पाठीवरची नक्षी दिसेल असा. एक समोरून, कारण डोळ्यांची मांडणी पाहून त्याचं कुळ कळतं. जाळं आहे का, असेल तर कसं, कुठे बसला होता, हेही लिहा. चिरडलेल्या कोळ्यावरून जाणकारालाही काही सांगता येत नाही. नकोच असेल तर रुंद तोंडाची बरणी वर ठेवा, खालून पुठ्ठा सरकवा आणि त्याला जिन्याखालच्या कुंड्यांत सोडून या.