दरवाजे उघडे राहतात म्हणे...

परवा रात्री भाचीचा फोन आला. तिच्या मुलीला दहावीत 91 टक्के पडले आणि आता ती म्हणते, आर्ट्सला जायचंय, भूगोल करायचाय. "आत्या, तू समजाव ना तिला. तुझं ऐकते ती. सायन्स घेतलं की सगळे दरवाजे उघडे राहतात गं, नंतर बदलता येतं."

"बघते" म्हणून फोन ठेवला. हे दरवाज्यांचं वाक्य मला तोंडपाठ आहे. नोकरीत असताना मीच ते कितीतरी आईबापांना ऐकवलंय.

आमच्या वेळी निवड वगैरे भानगड नव्हती. 1968 साली अकरावी मॅट्रिक झाले, गावापासून जवळच्या कॉलेजात आर्ट्स होतं, मराठीतून शिकता येत होतं, गेले. 1972 ला बी.ए. कुणी काही विचारलं नाही. म्हणूनच की काय, पुढे शाळेत हुशार मूल दिसलं की वाटायचं, यानं तरी सायन्सला जावं.

1989 साली माझ्या वर्गातल्या एका मुलाला 82 टक्के मिळाले. तेव्हा ते फार होते. वडिलांचं शिवणकामाचं दुकान. मुलाला भूगोलाचं वेड, नकाशा भरायला दिला की तास संपल्याचं भान नसे. वडील शाळेत आले. "बाई, तो आर्ट्स म्हणतोय. तुम्ही सांगाल तसं करू." मी म्हटलं, "82 टक्के आणि आर्ट्स? वेडा की काय!" आणि पुढे ते वाक्य.

दहावीपर्यंत तो त्वरण, संवेग, घर्षण शिकला होता. अकरावीत गेल्यावर त्याचं एकदम अ‍ॅक्सेलरेशन, मोमेंटम, फ्रिक्शन झालं. मराठी शाळेतल्या मुलाला हा खड्डा केवढा असतो, हे मला माहीत असायला हवं होतं. बारावीला मार्चमध्ये फिजिक्स आणि गणित राहिलं, ऑक्टोबरलाही राहिलं. कागदावर दरवाजे तेव्हाही उघडेच होते, पुन्हा अकरावी आर्ट्सला बसता आलं असतं. पण वर्षं गेलेली, ट्यूशनचे पैसे गेलेले, आणि धाकट्या भावाच्या बरोबरीच्या मुलांत जाऊन बसायचं... तो वडिलांच्या दुकानात मशीनवर बसला.

काही वर्षांपूर्वी एसटी स्टँडवर भेटला. माझी पिशवी घेतली, गाडीत जागा धरून दिली. मी चाचरत विषय काढला तर म्हणाला, "बाई, तुम्ही भल्यासाठीच सांगितलंत."

रागावला असता तर बरं झालं असतं.

भाचीची काळजी मला कळते. आर्ट्स करून पुण्यातल्या अभ्यासिकांत वर्षानुवर्षं एमपीएससीच्या जाहिरातीची वाट बघणारी मुलं तिनंही पाहिलीत. पण 2024 साली नीटला 23 लाखांवर मुलं बसली आणि एमबीबीएसच्या जागा देशभरात एक लाखाच्या थोड्या वर! सायन्स म्हणजे काही फक्त डॉक्टरकी नव्हे, मान्य. तरी घरोघरी त्याचा अर्थ क्लास आणि नीट-जेईई एवढाच घेतात ना? 91 टक्क्यांवरून पोरगी अभ्यास करते एवढं कळतं. तिनं कशाचा अभ्यास करावा, हे त्यात कुठे लिहिलंय? भूगोलाला काय हुशार मुलं नकोत?

2020 च्या शैक्षणिक धोरणात शाखांमधल्या भिंती काढायच्या असं लिहिलंय. अकरावीचा फॉर्म मात्र अजून शाखा विचारतोच. असो.

एक गोष्ट मात्र पालकांना सहसा ठाऊक नसते. आपल्या बोर्डाच्या बारावीच्या गणिताच्या पुस्तकावर 'कला आणि विज्ञान' अशी दोन्ही शाखांची नावं आहेत. म्हणजे आर्ट्सच्या मुलाला तेच गणित घेता येतं. शिकवणारी कॉलेजं थोडी, हीच अडचण. आणि पुढे उपग्रहांची चित्रं, जीआयएस, नगररचना असलं काही करायचं तर भूगोलवाल्यांना गणित-संख्याशास्त्र लागतंच.

काल नातीला फोन केला. समजावलं नाही. एवढंच विचारलं, आर्ट्स घेतेस ते गणित सोडायला का? "नाही गं आजी, गणित आवडतं. फिजिक्स नाही आवडत." म्हटलं, मग पसंतीक्रम भरायच्या आधी एकेका कॉलेजात फोन कर आणि आर्ट्सला गणित शिकवता का, ते विचार. तिनं लिहून घेतलं.

भाचीला अजून काही बोलले नाही. ती इथे वाचते, तेव्हा आता कळेलच.