उभ्या गाडीची बॅटरी

शिरूर-दौंड पट्ट्यात बॅटरीवाल्यांची लगीनसराई वर्षातून दोनदा येते. एकदा जूनमध्ये, पाऊस पडून वाफसा आला की. आणि एकदा दिवाळीच्या आगेमागे, साखर कारखान्यांचे बॉयलर पेटायच्या बेतात असतात तेव्हा. दोन्ही वेळेला गिऱ्हाईक सारखंच: कित्येक आठवडे शेडमध्ये नाहीतर लिंबाखाली उभा असलेला ट्रॅक्टर. चावी फिरवली की 'टक्' असा आवाज येतो आणि पुढं काही नाही. मग मालक टर्मिनलवर पान्ह्यानं ठोकून बघतो, शेजारचा ट्रॅक्टर बोलावतो, दोर बांधून ओढून चालू करतो आणि तसाच न्हावऱ्याच्या, केडगाव-चौफुल्याच्या नाहीतर शिरूरच्या दुकानासमोर आणून लावतो. बंद मात्र करत नाही. केला तर परत ओढायचा कुणी?

दुकानात पहिला प्रश्न ठरलेला: "कंपनी कुठली चांगली?" दुसरा त्याहून ठरलेला: "जुनीचे किती धरता?" हे प्रश्न चुकीचे नाहीत, पण नंतरचे आहेत. आधी विचारायला हवं की ही गाडी वर्षातले किती दिवस नुसती उभी असते. आपल्याकडं बॅटऱ्या चालून कमी आणि उभ्या राहून जास्त खराब होतात, असं माझं स्पष्ट मत आहे.

गास्तों प्लांते या फ्रेंच माणसानं १८५९ मध्ये शिशाची बॅटरी बनवली. आज ट्रॅक्टरच्या बॉनेटखाली असते तिची मूळ कल्पना तीच: शिशाच्या प्लेटा आणि पाणी मिसळलेलं सल्फ्युरिक ॲसिड. बॅटरी उतरते तसं प्लेटांवर लेड सल्फेट साचतं. लवकर चार्जिंग मिळालं तर ते मोडून प्लेटा पुन्हा मोकळ्या होतात. महिनोन्‌महिने तसंच राहिलं तर त्याचे टणक खडे बनतात आणि मग दोन दिवस चार्जिंगला लावली तरी बॅटरी पहिल्यासारखी होत नाही. आता गंमत अशी, की उतरायला गाडी चालू असावी लागत नाही. नुसती ठेवलेली बॅटरीही आपोआप उतरते, आणि तापमान दहा अंशांनी वाढलं की तो वेग साधारण दुप्पट होतो. एप्रिल-मे महिन्यात पत्र्याच्या शेडमध्ये काय होत असेल, हे वेगळं सांगायला नको. त्यात टेपचं घड्याळ आणि नंतर बसवलेलं जीपीएस असेल, तर ते रात्रंदिवस थोडाथोडा करंट खातच असतात.

म्हणूनच राहू बेटातल्या गुऱ्हाळावर ऊस ओढणारा ट्रॅक्टर आणि फक्त कारखान्याच्या हंगामात चालणारा ट्रॅक्टर यांना एकाच दिवशी एकच बॅटरी बसवली, तरी दोन्ही सारख्या टिकणार नाहीत. गुऱ्हाळाचं काम पावसाळ्याचा खंड सोडला तर बराच काळ चालू असतं, त्यामुळं तिथल्या बॅटरीला वरचेवर चार्जिंग मिळतं. कारखान्याचा ट्रॅक्टर मार्चपर्यंत राबतो आणि मग एकदम बसतो.

राबतानाही त्याचे हाल वेगळेच. दोन ट्रॉल्या ऊस भरून पाटस नाहीतर आलेगावच्या कारखान्याकडं निघालेला ट्रॅक्टर रात्री लांबूनच ओळखू येतो. आधी बेस ऐकू येतो, मग दिवे दिसतात, ट्रॅक्टर सगळ्यात शेवटी. रस्त्यावर चालताना हे एक वेळ ठीक आहे, डायनामो भरून काढतो. यार्डात नंबर लागेपर्यंत मात्र इंजिन बंद आणि गाणी चालू. ड्रायव्हरलाही दोष देववत नाही, थंडीत रात्रभर जागायचं तर त्यानं करायचं काय? पण सेल्फच्या बॅटरीच्या प्लेटा पातळ असतात. दोन-चार सेकंद शेकडो अँपिअर द्यायचे आणि लगेच भरून घ्यायचं, एवढ्यासाठीच ती बनवलेली असते. तळापर्यंत उतरवायची बॅटरी वेगळी, जाड प्लेटांची, इन्व्हर्टरला लावतात ती. ट्रॅक्टरची बॅटरी घरच्या इन्व्हर्टरला जोडणारे महाभागही आपल्यात आहेत. त्यांनी वॉरंटी कार्डावरचा मजकूर एकदा वाचावा. गाडीच्या बॅटरीचा असा वापर झाला की हक्क संपतो, असं त्यात बहुधा छापलेलं असतं.

हंगाम संपला की दहा नंबरचा नाहीतर जो लागेल तो पान्हा घ्यायचा आणि मायनसचं टर्मिनल काढून ठेवायचं. महिन्याकाठी एकदा बॅटरी चार्जिंगला लावायची. जमत नसेल तर ट्रॅक्टर चांगला अर्धा-पाऊण तास कामाला लावायचा. काही जण आठवड्याला पाच मिनिटं इंजिन चालू करून बंद करतात आणि बॅटरी जपल्याचं समाधान मिळवतात. सेल्फनं घेतलेलं तेवढ्यात पुरतं भरूनही येत नाही. पाणी कमी झालं तर डिस्टिल्ड वॉटरच घालायचं. आपल्या बोअरच्या क्षारानं किटलीच्या बुडाला पांढरा थर बसतो, तेच पाणी प्लेटांवर ओतायचं नसतं. आणि रात्री पाणी बघायला काडी ओढायची नाही. चार्जिंग होताना बॅटरीतून हायड्रोजन निघतो. तो भडकला तर ॲसिड थेट तोंडावर येतं.

हे सगळं ट्रॅक्टरपुरतं नाही. दौंड स्टेशनबाहेर सकाळी पुण्याला जाणाऱ्यांच्या मोटरसायकलींची रांग बघा. घरापासून स्टेशन दोन-तीन किलोमीटर, दिवसभर गाडी उन्हात उभी, संध्याकाळी परत तेवढंच अंतर. दर फेरीला सेल्फ मारायचा आणि भरायला वेळ द्यायचा नाही. १ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकीचा दिवा भर दुपारीही चालूच असतो, तो भार वेगळा. २०२० मध्ये बीएस-६ आलं, कार्ब्युरेटर जाऊन इंजेक्शन आलं, बऱ्याच गाड्यांची किक गेली. ज्यांना किक आहे त्यांचाही इंजेक्शनचा पंप बॅटरी पार मेली असेल तर नीट काम करत नाही. पूर्वी दुचाकीची बॅटरी म्हणजे हॉर्न आणि इंडिकेटरपुरती. आता तीच नसेल तर गाडी ढकलत न्यायची. रविवारी पाटसपर्यंत किंवा सिद्धटेकला गाडी फिरवून आणली तर बायकोपोरं खूश होतात आणि बॅटरीही भरते.

तरीही बदलायची वेळ येतेच. पण बदलण्याआधी ती खरंच गेलीय का, हे बघा. मल्टिमीटर काही शे रुपयांत मिळतो. गाडी रात्रभर उभी ठेवून सकाळी मोजा: १२.६ व्होल्ट म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे निम्म्यावर, १०.५ च्या आसपास अडकली असेल तर सहापैकी एक सेल गेलेला. मग इंजिन चालू करून मोजा. साधारण १३.८ ते १४.४ दिसलं पाहिजे. तेवढं दिसत नसेल तर दुखणं डायनामोचं आहे आणि नवी बॅटरीही महिन्याभरात तुमच्या नावानं शंख करेल. डायनामो तपासायला चालू गाडीचं टर्मिनल काढून बघायची जुनी मेस्त्री लोकांची खोड आहे. जुन्या जीपला ते चालून गेलं. आताच्या गाडीत त्यानं जो व्होल्टेजचा झटका बसतो तो कॉम्प्युटरच उडवू शकतो, आणि त्यापुढं बॅटरीची किंमत चिल्लर वाटते.

निवड करताना गाडीच्या पुस्तकात जे अँपिअर-अवर लिहिलेत तिथून सुरुवात करा. ट्रॅक्टरला बहुधा ७५ ते १००, छोट्या पेट्रोल कारला ३५ च्या आसपास. जागेत नीट बसत असेल तर थोडी मोठी चालते, लहान बसवून पैसे वाचवू नयेत. प्लस डावीकडं आहे की उजवीकडं हे जुन्या बॅटरीशी ताडून बघा, नाहीतर केबल ताणून बसवतात आणि पहिल्याच खड्ड्यात ती पत्र्याला घासते. बॅटरी दाबून धरणारी पट्टीही लावायला सांगा. ढेकळातून हादरे खाऊन आतल्या प्लेटांचा भुगा पडतो, आणि ती पट्टी आपल्याकडच्या निम्म्या ट्रॅक्टरांवर दिसत नाही. टिपरला दोन बॅटऱ्या असतात, त्या दोन्ही एकदम बदला. एक नवी एक जुनी जोडली की जुनी नवीला घेऊन बुडते.

कंपनीबद्दल विचाराल तर नामांकित चार-पाचांत उगाच डोकं शिणवू नये. त्यापेक्षा बॅटरीवर छापलेली बनवल्याची तारीख बघावी. आपल्याच शिरूर तालुक्यात, महागणपतीच्या रांजणगावच्या एमआयडीसीत, टाटा ऑटोकॉम्प आणि जपानची जीएस युआसा यांचा भागीदारीतला बॅटरीचा कारखाना आहे. त्यातलं जीएस म्हणजे क्योतोचे गेन्झो शिमाझू. त्यांनी १८९५ मध्ये जपानातली पहिली शिशाची बॅटरी बनवली. एवढा मोठा वारसा दाराशी आहे, पण कुठलीही बॅटरी घ्या, कारखाना जवळ म्हणून दुकानातला माल ताजा असं होत नाही. फळीवर पडून राहिलेली बॅटरीही उभ्या ट्रॅक्टरच्याच वाटेनं जाते. तीन-चार महिन्यांपेक्षा जुना माल असेल तर दुसरा मागा.

दरातही घासाघीस करताना दोन गोष्टी लक्षात ठेवा. २२ सप्टेंबर २०२५ पासून या बॅटऱ्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आलाय, तो बिलात दिसला पाहिजे. आणि बिल घ्याच. वॉरंटीचे महिने मोजताना पहिला आकडाच खरा धरा. '२४ अधिक २४' मध्ये पहिले चोवीस महिने बदलून मिळते. पुढच्या चोवीसांत मिळते ती नव्या बॅटरीवर सूट, आणि ती बहुधा छापील किमतीवर. बाजारात बॅटरी छापील किमतीच्या खालीच मिळते, त्यामुळं त्या सुटीत हाताला फारसं लागत नाही.

जुनी बॅटरी दुकानदारालाच द्या. २०२२ च्या नियमांनी ती परत गोळा करायची जबाबदारी उत्पादकांवर टाकलीय. भंगारवाला शंभर-दोनशे जास्त देतो कारण त्यातला कुणी ती ओढ्याकाठी फोडतो, शिसं ठेवतो आणि ॲसिड ओतून देतो. मुळा-मुठेतून पुण्याचं सांडपाणी आपल्या भीमेत येतंच आहे, त्यात आपण घरचं शिसं कशाला घालायचं? लहान पोरांच्या मेंदूला ते थोडंही सोसत नाही.

बसवताना मायनस आधी काढायचा आणि शेवटी जोडायचा. टर्मिनलला ग्रीस नको, व्हॅसलीन लावा. आणि वॉरंटी कार्डावर शिक्का, तारीख, अनुक्रमांक दुकानातून निघायच्या आत भरून घ्या. "या नंतर कधीतरी, देतो मारून," असं दुकानदार म्हणतो. तो 'कधीतरी' नेमका बॅटरी बंद पडल्याच्या दिवशी उजाडतो, आणि त्या दिवशी शिक्का सापडत नाही.