पेटीतले कागद

आमच्या एका वाचक भगिनींनी पत्र पाठवून विचारले आहे, की कॉलेजात शिकणारा त्यांचा मुलगा सुटीत मित्रमंडळींबरोबर वादळाने पडलेली घरे उभारावयास जाऊ म्हणतो. त्यास पाठवावे किंवा कसे? घरातील वडील मंडळींचे म्हणणे, ज्याने स्वतःच्या घरी कधी खिळा ठोकला नाही तो परमुलखात जाऊन घर काय बांधणार! मुलगा तर पिशवी भरून बसला आहे. हा प्रश्न आमच्याही घरात एकदा उपस्थित झाला होता, आणि त्या वेळी आमच्या हातून एक चूक झाली. ती आजवर आम्ही कोणापाशी बोललो नाही. तेव्हा उपदेशाच्या भानगडीत न पडता ती हकीकतच सांगतो.

गोष्ट २००६ सालच्या मार्च महिन्यातील. आमची धाकटी बहीण यजमानांच्या नोकरीमुळे अमेरिकेत ओहायो राज्यात राहते. तिची मुलगी, आमची भाची, तेव्हा वीस वर्षांची होती. वसंत ऋतूत तेथील कॉलेजांस आठवडाभर सुटी असते व पुष्कळ मुले ती समुद्रकिनारी मौजेत घालवितात. त्या वर्षी मात्र हजारो विद्यार्थी न्यू ऑर्लीन्सची वाट चालू लागले होते. आदल्या वर्षी, २९ ऑगस्ट २००५ रोजी, कॅटरिना या चक्रीवादळाने त्या शहराची दैना केली होती, आणि सहा महिने लोटले तरी घरेच्या घरे चिखलाने भरलेली तशीच पडून होती. आमच्या भाचीनेही नाव दिले.

बहिणीचा रात्री फोन आला. "दादा, तूच समजाव तिला. अर्धे शहर ओसाड आहे म्हणतात. चार पोरे मिळून तिथे काय दिवे लावणार?"

आम्ही काही बोलण्यापूर्वीच आई, जी तेव्हा पंचाहत्तरीच्या पुढे होती, आतून म्हणाली, "जाऊ दे तिला. पानशेत फुटले तेव्हा आपल्या माजघरातला चिखल कोणी काढला होता? कुठल्या कॉलेजातली मुले होती, नावही सांगितले नाही त्यांनी."

१२ जुलै १९६१ चा तो दिवस पुण्यातील जुन्या घरांस सांगावयास नको. पानशेतचे धरण फुटले, पाठोपाठ खडकवासल्याचे गेले, आणि मुठेचे पाणी पेठांत शिरले. आमच्या नारायण पेठेतील वाड्याची मागची पडवी बसली, पुढचा भाग तेवढा तगला. पाणी उतरल्यावर घरात गुडघाभर गाळ होता आणि पाठीशी तीन लहान मुले. अशा वेळी ती अनोळखी मुले घमेली घेऊन आली, याची आठवण आईने पंचेचाळीस वर्षे जपून ठेवली होती.

पण तिचे बोलणे तेवढ्यावर संपले नव्हते. "तिला एवढे मात्र सांग," ती म्हणाली, "कोणाच्या घरातली वस्तू फेकण्याआधी त्या घरच्या बाईला दाखवावी. त्या मुलांनी चिखल काढला, त्याबरोबर मामंजींची कागदांची पेटीही गेली."

आम्ही फोनवर बहिणीस 'पाठव' एवढेच म्हटले. आईचा निरोप सांगावयास विसरलो असे लिहिले तर ते खरे होणार नाही. तो आम्हांस क्षुल्लक वाटला. अमेरिकेत कोण कागदांच्या पेट्या सांभाळीत बसतो, हा आमचा समज!

न्यू ऑर्लीन्स हे शहर एका अंगास मिसिसिपी नदी व दुसऱ्या अंगास पाँटचारट्रेन सरोवर यांच्या मध्ये वसले आहे. त्याचा बराचसा भाग समुद्रसपाटीहून खाली, ताटासारखा खोलगट आहे. पावसाचे पाणीसुद्धा पंपांनी उचलून कालव्यांवाटे बाहेर टाकावे लागते. त्या वादळात शहराचा सुमारे ८० टक्के भाग पाण्याखाली गेला. लोक म्हणतात वादळाने शहर बुडाले. वस्तुतः ते बुडाले कालव्यांच्या भिंती कोसळल्यामुळे. सतराव्या रस्त्याच्या व लंडन ॲव्हेन्यूच्या कालव्यांच्या भिंती तर पाणी माथ्यापर्यंत चढण्यापूर्वीच खचल्या. खालची माती किती दुबळी आहे याचा अंदाजच चुकला होता, आणि या बंदोबस्तातील दोष त्या देशाच्या सैन्याच्या इंजिनियर खात्याने २००६ साली स्वतः मान्य केले. मृतांचा आकडा पुष्कळ वर्षे अठराशेंच्या वर सांगितला जात असे; २०२३ सालच्या फेरतपासणीत तो १३९२ ठरला. पानशेतची कथा ज्यांनी घरात ऐकली आहे त्यांना यात नवल वाटणार नाही. पाणी आभाळातून येते, परंतु बांध माणसाने बांधलेला असतो.

भाचीच्या टोळीस काम मिळाले ते लोअर नाइन्थ वॉर्ड या भागात. येथील इंडस्ट्रियल कालव्याची भिंत फुटून पाण्याच्या लोंढ्याने कालव्यालगतची घरे पायावरून उचलून दूर नेऊन टाकली होती. वस्ती बहुतेक कृष्णवर्णीय, कष्टकरी लोकांची. आणि ही गोष्ट आमच्या वाचकांनी ध्यानात ठेवावी, की निम्म्याहून अधिक कुटुंबे भाड्याच्या नव्हे तर स्वतःच्या घरात राहणारी होती. ज्या घरी मुले गेली ते लाकडी, विटांच्या बुटक्या खांबांवर उचललेले, अरुंद व लांबोडके. एका खोलीतून दुसरीत, दुसरीतून तिसरीत जावे अशी रांगेने मांडणी. भाची म्हणे, "मामा, अगदी आपल्या वाड्यासारखे. ओटी, माजघर, स्वयंपाकघर, मागचे दार." पुढच्या दारावर रंगाने भली मोठी फुली मारलेली होती. शोधपथके घर तपासून गेली की अशी फुली काढीत. तिच्या वरच्या कोनात तारीख व खालच्या कोनात आत सापडलेल्या माणसांची संख्या लिहीत. या घराच्या फुलीखाली शून्य होते. शेजारच्या दारावर एकाचा आकडा होता. तेथून जाताना मुले आपोआप गप्प होत.

घर बांधण्याचे नावही नव्हते. काम होते घर सोलण्याचे. प्रथम भिजून कुजलेले सामान बाहेर काढून रस्त्याच्या कडेला ढीग रचावयाचा. फ्रीज चुकूनही उघडावयाचा नाही. त्यास चिकटपट्टी गुंडाळून तसाच ढकलीत न्यावयाचा, कारण ऑगस्टपासूनचे अन्न आत होते. मग भिंतीस जडवलेले जिप्समचे तक्ते पहारीने उचकटावयाचे. ते पाणी पिऊन भाकरीसारखे मऊ झालेले आणि काळ्या बुरशीने छतापर्यंत माखलेले. त्यांमागचा कापसासारखा थर उपसावयाचा. शेवटी लाकडी सांगाडा तेवढा उरला की त्यातील खिळे एकेक करून उपटावयाचे, कारण एकही खिळा राहिला तर नवा तक्ता सपाट बसत नाही. त्यानंतर तारेच्या ब्रशाने लाकूड घासून बुरशीवर औषध मारावयाचे. पांढरे कागदी अंगरखे, तोंडावर जाड मास्क, हातांत रबरी मोजे. दहा जणांस एका घरास तीन दिवस लागत. हेच काम कंत्राटदाराकडून करून घ्यावे तर काही हजार डॉलर मोजावे लागत, म्हणजे ज्यांचे सर्वस्व गेले त्यांना ते अशक्यच. या कामास कसब लागत नाही. कंबर लागते, आणि वीस वर्षांच्या मुलांपाशी ती असते. वडील मंडळींच्या आक्षेपास आमचे उत्तर एवढेच.

आता पेटी. दुसऱ्या दिवशी दुपारी मधल्या खोलीतील कपाट फोडताना एक बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा निघाला. गंजून त्याचे झाकण घट्ट बसले होते, वर गाळाचा थर. हलविला तर आत काहीतरी सरकले. भाचीनेच तो उचलला आणि ढिगावर भिरकावला. तासाभराने लोखंडी पंजाची मालमोटार आली व निम्मा ढीग उचलून घेऊन गेली.

संध्याकाळी घरमालकीणबाई आल्या. वादळानंतर त्या टेक्सासात ह्यूस्टन येथे मुलीकडे आश्रयास होत्या. तेथून बसने आल्या होत्या. वय सत्तरीचे. त्या शहरात ओळखीच्या-अनोळखीच्या सर्वांना 'बेबी' म्हणण्याचा परिपाठ आहे, त्याप्रमाणे प्रत्येकास 'बेबी' म्हणून त्यांनी विचारपूस केली, आणि मग सहज विचारल्यासारखे विचारले, कपाटात एक डबा होता, तो कोठे ठेवला आहे?

उरलेल्या ढिगावर चढून मुलांनी अंधार पडेपर्यंत शोध केला. त्या गल्लीत वीज आलेली नव्हती. शेवटी मोटारीचे दिवे लावून शोधले. डबा मिळाला नाही. त्या बाई रागावल्या नाहीत. पायरीवर बसून त्या म्हणाल्या, राहू दे, बेबी. दुसऱ्या दिवशी त्या पहाटेच आल्या, रस्त्यात खुर्ची टाकून बसल्या, आणि आतून येणारी प्रत्येक वस्तू मुलांनी त्यांच्यासमोर धरावी व त्यांनी मान हलवावी, असे सबंध दिवस चालले.

डब्यात काय होते? वडिलांच्या नावाच्या कराच्या पावत्या, आईवडिलांच्या लग्नाचा व मृत्यूचा दाखला, घराचे खरेदीखत. घर अजून त्या वडिलांच्याच नावावर होते. लुइझियानाचा वारसाकायदा फ्रेंच वळणाचा. मृत्युपत्र नसेल तर घर सर्व मुलांचे सामाईक होते. कोर्टात जाऊन वारसनोंद करावी लागते. पण भाऊबहिणी गुण्यागोविंदाने राहत असता ती करतो कोण? कर भरला जातो, छप्पर शाकारले जाते, आणि नाव मृत माणसाचे राहते. त्या वॉर्डात अशी घरे पुष्कळ. २००६ साली सरकारने 'रोड होम' नावाची योजना काढून घरमालकांस दीड लाख डॉलरपर्यंत मदत देऊ केली, तेव्हा पहिला प्रश्न विचारला गेला तो हाच, की मालक कोण? शिवाय मदत ठरविताना वादळापूर्वीची किंमत व दुरुस्तीचा खर्च यांतील लहान आकडा धरीत. गरीब वस्तीत घराची किंमतच कमी, म्हणून मदतही कमी. त्यावर खटला होऊन २०११ साली तडजोड झाली. आमच्या या बाई तेथवर पोहोचल्याच नाहीत. चार भावंडांपैकी एका भावाचा पत्ता लागेना, आणि हातात कागद नव्हता.

तो डबा मिळता तर सारे सुरळीत झाले असते, असे आम्ही म्हणत नाही. कदाचित आत लगदाच असता. परंतु भाचीस ते कधीच कळणार नाही, आणि आम्हांसही नाही.

सद्भावनेस हिशेब नसला म्हणजे काय होते, याचे मोठे उदाहरणही त्याच वॉर्डात घडले. चित्रपटनट ब्रॅड पिट यांनी २००७ साली संस्था काढून तेथे १५० घरे बांधण्याचा संकल्प केला. नामांकित शिल्पकारांनी नकाशे दिले, १०९ घरे उभी राहिली, जगभर वाहवा झाली. पण त्या दमट, पावसाळी हवेस न मानवणारी रचना व लाकूड वापरल्यामुळे कित्येक घरे गळू लागली, कुजू लागली, आणि २०१८ साली रहिवासी कोर्टात गेले. उलट पलीकडच्याच भागात संगीतकारांसाठी ७२ घरांची वसाहत झाली, तीत राहणाऱ्यांना स्वतःच्या घरासाठी अमुक तास हातांनी राबावेच लागे. घर कसे हवे, हे राबणाऱ्यास विचारावे लागत नाही.

भाची २०१५ साली कामानिमित्त त्या शहरी गेली होती. मुद्दाम ती गल्ली शोधीत गेली. घर नव्हते. पुढच्या तीन सिमेंटच्या पायऱ्या तेवढ्या गवतातून वर आल्या होत्या.

गेल्या महिन्यात ती मुलास घेऊन पुण्यास आली असता आम्ही तिला आजीचा तो निरोप प्रथमच सांगितला. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "मामा, आपल्या वाड्याचे कागद कुठे आहेत?"

आमच्या वाड्याची मिळकत पत्रिका आजही आजोबांच्या नावे आहे. आजोबा १९५८ साली वारले. कागद १९६१ साली गेले. त्यानंतर कोणी विचारले नाही व कोणी नेले नाही. आम्ही दोघे बसून वंशावळ लिहावयास घेतली, तेव्हा हिस्सेदार तेवीस भरले. दोघे इंदुरास, चौघे ठाण्यास, एक बहीण ओहायोत, आणि एका चुलत चुलत्यांच्या मुलाचा पत्ता अद्याप लागावयाचा आहे. नगर भूमापन कचेरीत अर्ज दिला आहे.

भगिनींनी मुलास अवश्य पाठवावे. आणि आमच्या आईचा निरोप त्यास सांगावा.