तीन नावांची अट

साल १८०७. हरवलेलं एक व्यापारी जहाज इंग्लंडच्या फाल्मथ बंदरात परत येतं आणि त्यावर जिवंत माणूस एकही नाही. लुकस पोप यांच्या ‘रिटर्न ऑफ द ओब्रा डिन’ (२०१८) या व्हिडिओ गेममध्ये आपण असतो ईस्ट इंडिया कंपनीचे विमा-तपासनीस. साठ जणांची यादी हाती, आणि भूतकाळातल्या क्षणांत डोकावून कोणाचं काय झालं ते शोधायचं. कबुली कोणीच देत नाही. खलाशाच्या झोळीवरचा क्रमांक, बोलण्यातला हेल, कोण कोणाच्या शेजारी उभा आहे, एवढ्यावर अंदाज बांधायचा. सहसा तीन जणांची उत्तरं बरोबर आल्याशिवाय गेम एकाचीही खात्री देत नाही. ही अट आम्हाला फार मोलाची वाटते. एखादं नाव ठोकून देता येतं. तिन्ही जुळवायची तर पुरावाच लागतो.

एरवी मात्र फोनवर आलेलं चित्र खरं की खोटं हे पाहण्याआधीच आपण कोणाला तरी दोषी ठरवून मोकळे होतो. म्हणूनच हा रहस्यखेळांचा अंक. खुनी कोण, यापेक्षा तपास कसा होतो याकडे आम्ही पाहिलं आहे: सुगाव्याचा पुरावा केव्हा होतो, आणि तो निव्वळ योगायोग केव्हा ठरतो? खेळताना तुमचा पक्का वाटलेला संशय कोणत्या बारीकशा गोष्टीने मोडला, ते आम्हाला जरूर कळवा.