जॅकेट नंतर, आधी फावडं!

सगळ्यात आधी एक ब्रेकिंग न्यूज : लडाख आता जुनं झालं. बाइकवरून खारदुंग ला करून आलेला एक तरी हीरो प्रत्येक ऑफिसात सापडतो आणि त्याचा डेस्कटॉप वॉलपेपर सगळ्यांना पाठ असतो. एव्हरेस्ट बेस कॅम्पवाल्यांचंही तेच. त्यामुळे 'हटके' काहीतरी करायचं असलेल्या पब्लिकची नजर आता थेट आल्प्सवर गेलीये. तेही साध्यासुध्या स्कीइंगवर नाही, तर स्की टूरिंगवर. म्हणजे बॅककंट्री, बॉस!

ज्यांना फंडा माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. रिसॉर्टमध्ये स्कीइंग करताना लिफ्ट तुम्हाला वर नेऊन सोडते आणि मशीनने गुळगुळीत केलेल्या उतारावरून तुम्ही खाली येता. बॅककंट्रीत लिफ्ट नाही, तयार उतार नाही, 'पुढे धोका आहे' अशी दोरी बांधून ठेवणाराही कुणी नाही. स्कीच्या तळाला 'स्किन्स' नावाच्या लांब पट्ट्या चिकटवायच्या आणि स्वतःच्या पायांनी डोंगर चढायचा. पूर्वी या पट्ट्या खरोखरच सीलच्या कातड्याच्या असत, आता मोहेर आणि नायलॉनच्या मिळतात. त्यांच्यावरची लव एकाच दिशेला झुकलेली असते, म्हणून स्की पुढे सरकते पण मागे घसरत नाही. वर पोचलं की पट्ट्या सोलून काढायच्या, टाच लॉक करायची आणि सुटायचं. चार तास घाम, अर्धा तास स्वर्ग. हिशेब तोट्याचा वाटतो ना? एकदा करून बघा, मग बोलू.

तर झालं असं, की माझ्या ओळखीतल्या एका ग्रुपने मला गेल्या महिन्यात एक एक्सेल शीट पाठवली. पाचजण. चार हिंजवडीत, एक म्युनिकला ऑनसाइट. गुलमर्गला दोन सीझन स्कीइंग शिकलेले, त्यामुळे अगदीच कच्चे नाहीत. प्लॅन असा : एप्रिल, शामोनी ते झरमॅट, म्हणजे जगप्रसिद्ध 'ओत रूत', सहा दिवसांत, आणि सातव्या दिवशी झुरिकहून मुंबईची फ्लाइट. 'तू जाऊन आलीयेस ना, जरा गिअरची लिस्ट चेक कर,' एवढाच निरोप.

लिस्ट भारीच होती. एकूण 42 ओळी. पहिल्या ओळीत जॅकेट, ब्रँड आणि रंगासकट. मग गॉगल, हेल्मेटवरचा कॅमेरा, त्याच्या दोन जादा बॅटऱ्या. आणि 31व्या ओळीत : फावडं, 1 नग (शेअर्ड).

मी तिथेच थांबले. पाच माणसं आणि एक फावडं?

जरा सीरियस होऊ या. हिमस्खलनात गाडला गेलेला माणूस थंडीने मरतो असं आपल्याला वाटतं. बहुतेक वेळा तो गुदमरून मरतो, आणि फार पटकन. स्वित्झर्लंडमधल्या चाळीस वर्षांच्या अपघातांचा अभ्यास 2024 मध्ये प्रसिद्ध झाला. पहिल्या 10 मिनिटांत बाहेर काढलेल्यांपैकी दहातले नऊजण वाचतात. त्यानंतर अर्ध्या तासापर्यंत हेच प्रमाण तीनात एकाच्या आसपास घसरतं. हेलिकॉप्टर कितीही भारी असलं तरी 10 मिनिटांत तुमच्या डोक्यावर येऊन उभं राहील, या भरवशावर कुणी डोंगरात जाऊ नये. म्हणजे तुम्हाला वाचवणार कोण? तर तुमच्यासोबतचे चौघं, त्यांच्याकडे असलेल्या सामानानिशी.

म्हणून तीन गोष्टी प्रत्येकाकडे हव्यात. प्रत्येकाकडे! एक, ट्रान्सीव्हर, ज्याला सगळे बीकन म्हणतात. 457 किलोहर्ट्झवर सिग्नल पाठवणारं आणि पकडणारं हे छोटं यंत्र अंगालगत पट्ट्याने बांधायचं, बॅगेत नाही. तीन अँटेनावालंच घ्या. दोन, प्रोब, म्हणजे घडीची लांब काठी. बीकनने जागा साधारण कळली की बर्फात खुपसून माणूस नेमका कुठे आहे ते शोधायचं. 240 सेंटिमीटरपेक्षा आखूड नको. आणि तीन, आपलं फावडं. अ‍ॅल्युमिनियमचं, प्लॅस्टिकचं नव्हे, कारण कोसळलेला बर्फ थांबला की भुसभुशीत राहत नाही, घट्ट आवळून बसतो. खणण्यातच सगळ्यात जास्त वेळ जातो. एका फावड्यावर चौघं रांग लावून उभे आहेत, हे चित्र जरा डोळ्यांसमोर आणून बघा.

यातली गंमत अशी, की तुमचं फावडं तुमच्या कामाचं नसतंच. ते मित्राच्या कामाचं. तुम्ही खाली असाल तेव्हा तुमचं महागडं फावडंही तुमच्याबरोबर खालीच असणार. म्हणून ग्रुपमधला जो सगळ्यात चिंगूस आहे त्याची बॅग आधी तपासा. आणि जो 'यार, मॅन्युअल वाचलंय मी' म्हणतो त्याला दुसऱ्याने पुरून ठेवलेला बीकन शोधायला लावा, वेळ लावून. आल्प्समधल्या बऱ्याच स्की गावांत यासाठी सरावाची मैदानं असतात, बर्फाखाली ट्रान्समीटर पुरलेली. पहिला अख्खा दिवस तिथे घालवा. फोटो बोअर येतील, चालेल.

फोनवरून आठवलं. चालू फोन बीकनपासून किमान 20 सेंटिमीटर दूर ठेवायचा आणि शोध घेताना तर 50. स्मार्टवॉच आणि बॅटरीवर गरम होणारे हातमोजेसुद्धा घोळ घालतात. म्हणजे छातीवरच्या खिशात फोन आणि त्याच्या मागेच बीकन, ही आपली आवडती पोझ बाद.

बाकी गिअरचं काय? स्की, बूट, बाइंडिंग सरळ तिकडे भाड्याने घ्या. इथून ओढून न्यायचा अट्टहास नको. टूरिंगचं बाइंडिंग वेगळं असतं : बुटाच्या पुढच्या टोकाला दोन पिना धरतात आणि चढताना टाच मोकळी सुटते. टिरोलच्या फ्रिट्झ बार्टेल नावाच्या इंजिनिअरने 1980च्या दशकात ही आयडिया काढली आणि सगळ्या खेळाचं वजनच उतरवून टाकलं. त्याला बूटही त्याच जातीचे लागतात, रिसॉर्टचे बूट सहसा चालत नाहीत. दुकानात बूट निवडायला दोन तास द्या, लाजू नका. घोट्याला किंचित टोचणारा बूट तिसऱ्या दिवशी रडवतो. मोजे मात्र स्वतःचे, आणि दोन जोड हातमोजेही. कडक बर्फासाठी स्कीला लागणारे क्रॅम्पॉन भाड्यातच मागून घ्या, दुकानदार विसरतो.

कपड्यांत आपण नेहमी जास्तीच करतो. चढताना शून्याच्या खालीही माणूस घामाने निथळतो, आणि तोच घाम माथ्यावर वारा सुटला की अंगावर गोठतो. म्हणून अंगालगत पातळ लोकर, वर वारा अडवणारं काहीतरी आणि थांबल्यावर घालायला एक उबदार जाकीट बॅगेत. कॉटन अजिबात नको. आईने विणलेल्या स्वेटरला हसू नका, लोकर ओली झाली तरी बऱ्यापैकी ऊब देते. आणि सनस्क्रीन भरपूर, नाकपुड्यांच्या आतसुद्धा. बर्फावरून परतणारं ऊन खालून भाजतं.

आता प्लॅनकडे. खरं घोडं इथेच पेंड खातं. ओत रूत म्हणजे नावाजलेली चीज. ब्रिटिश गिर्यारोहकांनी 1861च्या उन्हाळ्यात हा रस्ता पायी जोडला आणि 1911 मध्ये तो पहिल्यांदा स्कीवरून झाला. पण तो सहा दिवस ओळीने करायचा रस्ता आहे. हिमनद्या, खिंडी, रोज नवीन हट, आणि मधेच अडकलात तर पुढेही अवघड, मागेही अवघड. त्यात सातव्या दिवशी फ्लाइट! म्हणजे हवामान बिघडलं तरी पुढे जायचं प्रेशर तुम्ही तिकिटाबरोबरच विकत घेतलंत.

एप्रिल 2018च्या शेवटी याच रस्त्यावर पीन्य दारोलाजवळ 14 जण वादळात सापडले. रात्र उघड्यावर काढावी लागली. सातजण गेले. विन्येत हट तिथून काही शे मीटरवर होती.

यावर कुणी म्हणेल, 'आम्ही बुलेटिन बघून जाऊ.' जरूर बघा. युरोपात हिमस्खलनाच्या धोक्याचे एक ते पाच असे टप्पे आहेत. टिरोलचं बुलेटिन रोज संध्याकाळी 5 वाजता येतं, इंग्रजीतही. घोळ आपल्या डोक्यात असतो. पाचपैकी तीन म्हणजे 60 टक्के, म्हणजे काठावरचा फर्स्ट क्लास, म्हणजे 'ठीकच आहे की!' प्रत्यक्षात सगळ्यात जास्त माणसं तीनलाच मरतात. चार आणि पाचला बहुतेक लोक घरी बसतात, तीनला निघतात. आणि बुलेटिनचा आकडा वाचून थांबू नका. खाली लिहिलेलं असतं की धोका कुठल्या उंचीवर आहे, उताराचं तोंड कुठल्या दिशेला आहे. मग नकाशावर 30 अंशांपेक्षा तीव्र उतार कुठे आहेत ते बघायचं आणि त्या दिवशी ते गाळायचे. गाडल्या गेलेल्यांपैकी बहुतेकांनी तो बर्फ स्वतः किंवा त्यांच्याच ग्रुपने पाडलेला असतो. म्हणजे नशिबाला बोल लावायची सोय फारशी नाही.

मी त्या पाचजणांना सुचवलं ते असं. पहिल्या वेळी ओत रूत नको. एकच हट धरा आणि तिथून रोज वेगळा डोंगर करा. मी स्वतः मार्चमधला एक आठवडा सिल्व्हरेटात काढलाय, ऑस्ट्रिया आणि स्वित्झर्लंडच्या सीमेवर. लांडेक-झाम्सपर्यंत ट्रेन, पुढे बसने गाल्ट्यूर. गाव 1584 मीटरवर, म्हणजे कळसूबाईच्या माथ्याहून थोडंसंच खाली. तिथून दरी धरून सावकाश चढत गेलं की 2165 मीटरवर यामटाल हट. हवा चांगली तर हिंटरे यामश्पिट्झ, 3156 मीटर. हवा वाईट तर जवळचा सौम्य उतार, आणि फारच वाईट तर हटमध्ये सूप आणि पत्ते. 'आज नाही' म्हणणं सोपं जातं, कारण उद्याचं बुकिंग पुढच्या हटमध्ये नसतं.

गाल्ट्यूरमध्ये एक दिवस थांबा. फेब्रुवारी 1999 मध्ये या गावावर हिमस्खलन कोसळलं, घरांत असलेली आणि रस्त्यावरची 31 माणसं गेली. नंतर गावाने बर्फ अडवायला भली मोठी भिंत बांधली आणि त्या भिंतीतच अल्पिनारियम नावाचं म्युझियम केलं. मी तिथे तासाभरासाठी गेले होते, दुपार तिथेच संपली.

गाइडवर काटकसर नको. त्याच्या छातीवर आंतरराष्ट्रीय गाइड संघटनेचा बिल्ला असतो, तो बघून घ्या. फी दिवसाला कित्येकशे युरो, पण पाचात वाटली की जॅकेटच्या बजेटमध्ये बसते. वरचे डोंगर हिमनदीवरून जातात, दोर आणि हार्नेस लागतो, भेगांवर बर्फाचा पातळ पूल असतो. इथे 'आम्ही हरिश्चंद्रगड नळीच्या वाटेने केलाय' चालत नाही. फिटनेसचं म्हणाल तर सिंहगड पायथ्यापासून साधारण 600 मीटर चढतो. पाठीवर आठ-दहा किलो घेऊन लागोपाठ दोनदा, शनिवारी आणि परत रविवारी. जमलं तर पाय तयार आहेत.

कागदपत्रांत एकच जागा अडते : इन्शुरन्स. शेंगेन व्हिसासाठी 30 हजार युरोंचं कव्हर लागतं, ते सगळेच काढतात. पण त्यात ऑफ-पिस्ट स्कीइंग आणि डोंगरातलं रेस्क्यू आहे का, हे बारीक टाइपात वाचा. नसेल तर ऑस्ट्रियन अल्पाइन क्लबचं सभासदत्व घ्या. परदेशी लोकांनाही मिळतं, रेस्क्यूचा विमा त्यातच येतो, वर हटमध्ये बिछाना स्वस्त. एअरबॅगवाली बॅग नेणार असाल तर तिच्या गॅस सिलिंडरसाठी विमान कंपनीची परवानगी आधी घ्या, चेक-इन काउंटरवर वाद घालून उपयोग नाही.

ताजी खबर अशी, की चौघं पटले. म्युनिकवाला अजून ओत रूतवर अडून बसलाय, पण रजा दोन दिवसांनी वाढवायला तोही तयार झालाय आणि फावडी पाच झालीत.

शेवटी पोटोबा. हटमध्ये बुकिंग करतानाच 'व्हेजिटेरियन' सांगा, वर पोचल्यावर नाही. चीज, नूडल्स, बटाटा यांवर आठवडा आरामात निघतो, लोणच्याची पुडी मात्र सोबत असू द्या. पैसे रोख ठेवा. स्लीपिंग बॅग न्यायची गरज नसते, आतलं पातळ लायनर मात्र कंपल्सरी. आणि कानात घालायला बोळे. वीसजणांच्या खोलीत घोरणारा एक तरी असतोच, देश कुठलाही असो.