इमरान कोणी व्हायचं?

इब्ने सफी वाचत मोठ्या झालेल्या माणसाला एकदा तरी वाटलेलं असतं की आपण इमरान असतो तर काय केलं असतं. या वाटण्याला नियम लावले की त्याचा खेळ होतो. इंग्रजीत ही गोष्ट जुनी आहे. १९७४ साली अमेरिकेत ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ आला. चार-सहा जण टेबलाभोवती बसतात, एक जण गोष्ट सांगतो आणि बाकीचे एकेक पात्र घेऊन ‘मी आता असं करतो’ असं सांगत ती पुढे नेतात. पट नाही, सोंगट्या असल्या तर असल्या. पुढे लोकांनी आपल्या आवडत्या पुस्तकांचेही असे खेळ केले. लव्हक्राफ्टच्या भयकथांवर १९८१ मध्ये ‘कॉल ऑफ क्थुल्हू’ आला, टॉल्किनच्या जगावर तर अनेक आले.

मी उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवतो. दोन वर्षांपासून शनिवारी शाळा सुटल्यावर आठवी-नववीच्या मुलांबरोबर इमरान सीरीजचा असा खेळ खेळतो. नियम आमचे आम्हीच बनवले. त्या खटाटोपात माझी काही मतं पक्की झाली, ती लिहितो.

ज्यांना इब्ने सफी ठाऊक नाहीत त्यांच्यासाठी थोडक्यात. खरं नाव असरार अहमद, जन्म १९२८ चा, अलाहाबाद जिल्ह्यातल्या नारा गावचा. १९५२ मध्ये अलाहाबादहून ‘जासूसी दुनिया’ सुरू झाली, तिचे नायक फरीदी आणि हमीद. त्याच वर्षी ते कराचीला गेले. १९५५ मध्ये अली इमरान आला. जासूसी दुनियेच्या १२५ आणि इमरानच्या १२० कादंबऱ्या. पाकिस्तानात गेल्यावरही त्यांची पुस्तकं अलाहाबादेत छापली जात राहिली आणि आमच्या मोहल्ल्यातल्या भाड्याच्या लायब्रीत ती येत राहिली. तिथे इमरान एका रात्रीसाठी मिळायचा आणि सकाळी परत द्यावा लागायचा. म्हणून आमची पिढी एवढ्या वेगानं उर्दू वाचते!

आता खेळाकडे. पहिला मोह असतो पात्रांना आकडे द्यायचा. इमरानची ताकद अठरा, अक्कल वीस, सफदरची ताकद पंधरा. मुलांनी पहिल्याच दिवशी असा तक्ता करून आणला, अगदी क्रिकेटच्या स्कोअरकार्डासारखा. मी तो बाजूला ठेवला, कारण इब्ने सफींची माणसं आकड्यांनी वाढत नाहीत. पहिल्या कादंबरीतला इमरान आणि पंचवीस वर्षांनंतरचा इमरान यांत ताकदीचा फरक सांगता येणार नाही. शत्रू मारून पायरी चढणं हे दुसऱ्या प्रकारच्या गोष्टींचं सूत्र आहे. ‘कॉल ऑफ क्थुल्हू’वाल्यांनी हे बरोबर ओळखलं होतं. त्यांच्या खेळात पात्राचं मानसिक संतुलन मोजलं जातं आणि भयंकर गोष्टी बघत गेलं की ते ढासळत जातं. लव्हक्राफ्ट त्या एका नियमात उतरला आहे. मालिकेचा खेळ करायचा तर असा एक नियम सापडावा लागतो. बाकीचे पन्नास नसले तरी चालतं.

मग इमरानचा जीव कुठे आहे? माझ्या मते तो लपवाछपवीत आहे. रंगीबेरंगी कपडे घालणारा, च्युइंगम चघळणारा, बापानं घराबाहेर काढलेला हा वेडगळ पोरगा प्रत्यक्षात सीक्रेट सर्व्हिसचा प्रमुख ‘एक्स-टू’ आहे. त्याच्याच हाताखालच्या माणसांना ते माहीत नाही. ती एक्स-टूला थरथर घाबरतात आणि इमरानला वेड्यात काढतात. वाचकाला माहीत आहे, पात्रांना नाही. सगळी मजा इथे आहे.

म्हणूनच इमरान कोणत्याही मुलाला द्यायचा नाही, असं माझं ठाम मत आहे. तो ज्याच्याकडे जातो तो एक तर दर मिनिटाला विनोद करायला बघतो किंवा सगळं आपणच सोडवतो आणि बाकीचे पाच जण जांभया देतात. आमच्याकडे सगळे जण सफदर, तनवीर, ज्युलिया, खावर, नोमानी होतात. गोष्ट सांगणाऱ्याला इंग्रजीत गेम मास्टर म्हणतात, आमच्याकडे त्याला किस्सागो म्हणतात. आणि एक्स-टू? सुरुवातीला काड्यापेटीतून चिठ्ठ्या उचलायच्या. एका चिठ्ठीवर एक्स-टू लिहिलेलं असतं. ज्याला ती मिळाली तो तोंड बंद ठेवतो. मधल्या पाच मिनिटांच्या सुट्टीत सगळ्यांनी एकेक कागद लिहून डब्यात टाकायचा. बाकीच्यांनी काहीही खरडावं, एक्स-टूनं मात्र हुकूम लिहायचा, आणि तो सगळ्यांना पाळावा लागतो. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून पोरं डाव्या हातानं लिहितात. एरवी ‘दहा ओळी लिहा’ म्हटलं की ज्यांच्या पेनातली शाई संपते, ती मुलं इथे शब्द तोलून, धमकीच्या सुरात उर्दू लिहितात. एकानं तर भाषेवरून ओळखू नये म्हणून मुद्दाम मराठीत हुकूम लिहिला. त्यात क्रियापदाच्या लिंगाची चूक होती आणि तेवढ्यावरून तो पकडला गेला. व्याकरण चुकल्याचा इतका तातडीचा परिणाम मी वीस वर्षांच्या शिकवण्यात पाहिला नव्हता.

फाशांचा प्रश्न मात्र गंभीर होता. या प्रकारच्या बहुतेक खेळांत यश-अपयश फासे ठरवतात. एका पालकांनी विचारलं, ‘‘सर, शाळेत फासे?’’ त्यांचा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. फाशांच्या खेळाबद्दल हदीसमध्ये सक्त इशारा आहे. पैसे लावले नसले तर चालेल असं म्हणणारे थोडे आहेत, पण बहुतेक फुकहा ‘नकोच’ म्हणतात. मुलांना गंमत वाटावी म्हणून त्यांच्या घरात भांडण लावायचा हक्क मला नाही. दुसरीकडे, ‘मग खेळच बंद करा’ हा सल्लाही मला मान्य नव्हता. आपल्याकडे शंका आली की अख्खी गोष्टच गुंडाळून ठेवायची सवय आहे. त्यातून काय हराम आणि काय नुसतं अपरिचित हा फरक मुलांना कधी कळतच नाही.

आम्ही फासे काढून टाकले आणि चिंचोके आणले. फेकायला नाही, खर्च करायला. प्रत्येकाला सहा. बंद दार उघडायचं आहे, पाठलागात सुटायचं आहे, तर एक चिंचोका द्यायचा, काम झालं. संपले की दुसऱ्याची मदत मागायची. आणि इमरानसारखा असा काही मूर्खपणा केला की टेबलावरचे सगळे हसले, तर एक परत मिळतो. पुरावा शोधायला मात्र चिंचोका लागत नाही. योग्य जागी बघितलं की तो सापडतोच, खरं डोकं त्याचा अर्थ लावण्यात लागतं. ही शेवटची कल्पना आमची नव्हे, रॉबिन लॉज यांच्या ‘गमशू’ पद्धतीतून घेतली आहे. फासे सोडले म्हणून खेळ लंगडा झाला असं काही जणांना वाटेल. मला उलट वाटतं. इब्ने सफींच्या कादंबरीत नायक नशिबानं हरत नाही. तो मुद्दाम हरल्याचं नाटक करतो, किंवा त्यानं आधीच कुठेतरी डाव मांडून ठेवलेला असतो. फासे या गोष्टीत मुळातच बसत नव्हते.

ज्युलियावरून एकदा वाद झाला. मूळ मालिकेत ज्युलियाना फिट्झवॉटर हुशार आहे, एक्स-टूनंतर टीमची सूत्रं तिच्याकडे आहेत, पण तिचा बराचसा वेळ एक्स-टूच्या विचारात उसासे टाकण्यात जातो. नववीतली एक मुलगी म्हणाली, ‘‘सर, मी ज्युलिया होईन, पण उसासे नाही.’’ एक मुलगा म्हणाला, ‘‘मग ती ज्युलिया कुठे राहिली?’’ मी मुलीच्या बाजूनं आहे. पुस्तकाशी निष्ठा म्हणजे त्यातली प्रत्येक सवय जपणं नव्हे. आणि इब्ने सफींनीच थ्रेसिया लिहिली आहे. ती इमरानच्या हातावर तुरी देते, पुन्हा पुन्हा, आणि कोणापुढे उसासे टाकत बसत नाही. ज्यानं थ्रेसिया लिहिली त्याला आमची ज्युलिया खटकली नसती.

नावं बदलायचा सल्लाही मिळाला. हिंदी अनुवादात फरीदीचा विनोद झाला, इमरानचा राजेश झाला, मग तुम्ही मराठीत का करत नाही? त्या काळच्या प्रकाशकांना बाजाराची चिंता असेल, मला नाही. माझ्या मराठीच्या तासाला मुलं फास्टर फेणे वाचतात. बनेशचं नाव बदलून द्या असं त्यांनी कधी म्हटलं नाही. मराठी वाचकही सफदर आणि तनवीर ही नावं उच्चारू शकतो, एवढा भरवसा मला आहे. ‘‘पाकिस्तानी लेखक कशाला?’’ असंही एकानं विचारलं. नारा गाव कुठे आहे ते मी वर सांगितलंच आहे.

‘‘खेळण्यापेक्षा कादंबऱ्याच वाचायला लावा ना,’’ या आक्षेपात मला जास्त दम वाटतो. खेळ वाचनाची जागा घेऊ शकत नाही. इब्ने सफींचं वाक्य, त्यातली ती कोरड्या चेहऱ्यानं केलेली थट्टा आमच्या टेबलावर नसते, असूही शकत नाही. पण सिंग ही हा कोण, झिरो लँड कुठे आहे, हे दुसऱ्याच्या आधी कळावं म्हणून मुलं आता पुस्तक मागतात. आमच्या कपाटातल्या अकरा प्रतींपैकी सध्या दोनच जागेवर आहेत, त्यातली एक शेवटची पानं नसलेली.

आता मुलांना फरीदी-हमीद हवे आहेत. ते अवघड आहे. तिथे मुख्य पात्रं दोघंच आहेत, आणि फरीदीचा जीव गुपितात नाही, शिस्तीत आहे. एक्स-टूची चिठ्ठी तिथे चालणार नाही. चिंचोके फक्त हमीदला द्यावेत आणि फरीदीला एकही देऊ नये, असं मला वाटतंय. हमीदच्या बकऱ्याला किती द्यायचे, यावर अजून एकमत झालेलं नाही.